कोंडिबा आणि फुटलेली बत्ती

अशील कसा असावा असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन की तो कोंडिबासारखा नसावा. भोर संस्थानच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली केली. खोटं बोलणारे पाहिले, साक्षीला उभं राहून रडणारे पाहिले, निकालानंतर मलाच शिव्या घालून गेलेलेही पाहिले. पण माझं डोकं कुणी फिरवलं असेल तर ते नसरापूरच्या या सरळ, प्रामाणिक आणि भयंकर हट्टी माणसानं. लबाड माणसाला काय हवंय ते निदान आपल्याला कळतं. याला जे हवं होतं ते कायद्यात बसत नव्हतं, आणि कायद्यात जे बसत होतं ते याला नको होतं.

कोंडिबाची भाताची थोडी खाचरं होती. पण मुलखात त्याला ओळखत ते गॅसबत्तीमुळे. लग्नसराई आली की नसरापुरापासून वेल्ह्यापर्यंत कुठल्याही मांडवात कोंडिबाची बत्ती हवीच. आणि त्याचा तोरा काय वर्णावा! बत्ती पेटवण्याआधी हात धुणार, तिला नमस्कार करणार, मग उकिडवा बसून हवा भरणार. तेवढ्यात कुणी जवळ आलं की खेकसलाच म्हणून समजा. मग तो नवऱ्या मुलाचा बाप का असेना. "मागं सरा! उजेड काय पळून चाललाय व्हय?" असं म्हणून त्यानं एकदा एका गावच्या पाटलाला चारचौघांत दोन पावलं मागे हटवलं होतं. लोक चिडायचे, पण बोलवायचे त्यालाच, कारण त्याच्या हातून कधी काही वावगं झालं नव्हतं.

त्याची जुनी विलायती बत्ती पार झिजली तेव्हा त्यानं भोरच्या बाजारातल्या वसंतरावांच्या दुकानातून नवी घेतली. 'सूर्यतेज' छापाची, आपल्या देशात तयार झालेली, चकचकीत पितळेची. सदतीस-अडतीसचे दिवस होते, स्वदेशी म्हटलं की माणसं प्रेमानं पाहायची. वसंतराव 'सूर्यतेज'चे संस्थानातले एजंट होते. त्यांनी पेटी फोडून बत्ती काढून दिली, आणि कोंडिबा ती डोक्यावर घेऊन मिरवत घरी गेला.

त्याच उन्हाळ्यात गुंजवण्याला त्याच्या थोरल्या बहिणीच्या, धोंडाबाईच्या मुलाचं लग्न निघालं. मामा म्हणून कोंडिबानं नवी बत्ती मांडवात टांगली. गोरज मुहूर्त होता. धोंडाबाईची लेक बना करवली म्हणून भावाच्या मागे हातात पाण्याचा कऱ्हा घेऊन उभी होती. अंतरपाट धरला होता, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, आणि एकाएकी बत्तीच्या टाकीच्या बुडाचा सांधा उकलला. रॉकेलची चिळकांडी उडाली आणि तिनं पेट घेतला. कोंडिबानं खांद्यावरची घोंगडी बनाच्या अंगावर टाकली आणि तिला मिठीत घेऊन जमिनीवर लोळवलं, म्हणून पोरगी वाचली. पण तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जखमा भरल्या, तरी बोटं आखडून तळव्याला चिकटल्यासारखी झाली. वेल्ह्याच्या खोऱ्यात जिला भाताची लावणी करता येत नाही, तिचं आयुष्य कसं जातं हे मी सांगायला नको.

मांडवातल्या सगळ्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. हवा जास्त भरली. भाच्याच्या लग्नात भपका करायला गेला आणि भाचीचा हात घालवला. धोंडाबाईनं भावाला एवढंच सांगितलं, "माज्या दारात पाय ठिवू नगंस." त्यानंतर त्याला कुणी बत्तीला बोलावलं नाही. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. बहिणीनं तोंड फिरवलं हे मात्र त्याच्या जिवाला लागलं.

तर हा माणूस भाद्रपदातल्या एका बाजाराच्या दिवशी माझ्या ओटीवर येऊन बसला. शेजारी फडक्यात बांधलेली फुटकी बत्ती.

"वकीलसायेब, म्या हवा जास्त भरली न्हाई."

"बरं."

"बत्तीच खोटी व्हती."

"असेल. मग कंपनीकडून नुकसानभरपाई मागायची का?"

"पैका नगं. कंपनीच्या मान्सानं गुंजवण्याला यावं आन् आक्काला सांगावं, की चूक आमची हाय, तुज्या भावाची न्हाई. त्येवडं सांगाय लावा."

मी त्याला समजावलं. कोर्ट पैसे देववतं, जमीन देववतं, ताबा देववतं. अमुक माणसानं तमुक बाईच्या दारात जाऊन अमुक वाक्य बोलावं, असा हुकूम कुठलंही कोर्ट देत नाही. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पुढच्या बाजाराला परत येऊन तेच म्हणायचा. तिसऱ्या खेपेला मी ओरडलो. तो म्हणाला, "वरडा तुमी, पर कायतरी करा."

म्हणून मी वाटा शोधायला लागलो, आणि मला कायद्याचाच राग यायला लागला. वसंतरावांना विचारलं तर ते म्हणाले, "वकीलसाहेब, पेटीतून निघाली तशी दिली. मी काय बत्त्या बनवतो का?" कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, की आम्ही आमचा माल एजंटाला विकतो, हे कोंडिबा नावाचे गृहस्थ आम्हाला माहीत नाहीत. बनाचं विचारलं तर आणखी कहर. तिनं काही विकतच घेतलेलं नाही, तेव्हा तिचा कुणाशीच करार नाही आणि तिला कुणी काही देणं लागत नाही! ज्यानं बनवली तो म्हणतो मी याला विकली नाही. ज्यानं विकली तो म्हणतो मी बनवली नाही. आणि जी भाजली तिनं मुळात मध्ये उभं राहायलाच नको होतं. वर कारखाना मुंबईकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखात. संस्थानच्या कोर्टाचा हुकूम तिथे पोचेपर्यंत त्याची रद्दी व्हायची.

गावात असं नसतं. गावच्या लोहारानं केलेली कुदळ पहिल्याच घावाला मोडली तर शेतकरी ती उचलून लोहाराच्या भात्यापुढे टाकतो. लोहार कुरकुरतो, दोन शब्द सुनावतो, आणि नवी करून देतो. तू माती खणत होतास की दगड, असं तो फार तर विचारील. पण 'मी तुला ओळखत नाही' असं म्हणायची त्याची छाती नाही. कोंडिबाला हेच माहीत होतं. कारखान्यालाही तोंड असतं आणि त्या तोंडापुढे बत्ती नेऊन टाकली की झालं, असं त्याला वाटत होतं. ते तोंड कुठे आहे हे मलाच सापडत नव्हतं, तर त्याला काय दाखवणार?

शेवटी मी वसंतरावांवर दावा लावला. सदोष माल विकला म्हणून. वसंतराव घाबरले आणि कंपनीच्या मागे लागले. दुसऱ्या गावच्या एजंटांनी हे ऐकलं तर माल घ्यायला कचरतील, या भीतीनं कंपनीनं आपला माणूस आणि पुण्याचा एक वकील पाठवायचं कबूल केलं. मला हुरूप आला. टाकीच्या बुडाचा सांधा मी भिंगातून पाहिला होता. उकललेल्या कडेला जोड असा जेमतेमच लागलेला होता, अर्ध्या जागी तर नुसतंच पितळ पितळाला टेकलेलं. कोर्टात हे दाखवलं की पुढचं सोपं होतं.

तारीख दसऱ्यानंतरची पडली. मी कोंडिबाला बजावलं, "ही बत्ती म्हणजेच आपला पुरावा. अशीच्या अशी घेऊन यायची." त्यानं मान डोलावली. मलाही वाटलं, समजलं. बत्ती मी माझ्या कपाटात ठेवून घेत होतो, पण तो म्हणाला, "माज्या पोटाची चीज हाय, घरीच असू द्या." आणि घेऊन गेला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यानं फडकं सोडलं. बत्ती आरशासारखी लखलखत होती. बुडाचा सांधा कथील ओतून असा साफ जोडला होता, की कुठे उकलला होता ते शोधून सापडू नये. वर हळदकुंकू, आणि दांडीला झेंडूची सुकलेली माळ.

"हे काय केलंस?" माझा आवाज सगळ्या आवारात गेला.

"खंडेनवमी न्हवती का?" कोंडिबा म्हणाला. "ज्याच्यावर प्वाट भरतं त्येची पूजा असती. फुटकं हत्यार कुनी पूजेला मांडतं का? ज्ञानू तांबटाकडून सांधून घेतली. लई ब्येस काम केलं गड्यानं."

"अरे, तो फुटका सांधा दाखवायलाच आपण इथे आलोय!"

"मग म्या सांगतो की तोंडानं. सगळ्या मांडवानं बघितलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला मारता येत नव्हतं म्हणून. बरं, बोलणार तरी काय? नवमीला माझ्याही घरी कायद्याची पुस्तकं पुसून, फूल वाहून पुजली होती. एखाद्याचा पुट्ठा निघाला असता तर तो मीही आधी चिकटवूनच घेतला असता.

आत व्हायचं तेच झालं. कंपनीच्या माणसानं बत्ती हातात फिरवली, बुडावर नखानं टिचकी मारली आणि अदबीनं सांगितलं, "हा सांधा आमच्या कारखान्यातला नाही." न्यायाधीशसाहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, आपला अशील पुरावा दुरुस्त करून आणतो?" कोर्टातली सगळी मंडळी हसली. मग पुण्याच्या वकिलानं कोंडिबाची उलटतपासणी घेतली.

"हवा किती भरली होती?"

"लागंल तेवडी."

"लागेल म्हणजे किती?"

"उजेड पडंस्तवर."

"आणि उजेड पुरेसा पडला हे कुणी ठरवलं?"

"म्या. मंग कुनी? बत्ती काय सोताहून सांगती?"

दावा फेटाळला गेला. सांध्याचा पुरावा नाही, हवेचं प्रमाण वादीला सांगता येत नाही. बनाचं नाव निकालपत्रात एकदा आलं, तेही 'सदर मुलगी' असं.

बाहेर चिंचेखाली कंपनीचा माणूस मोटारीची वाट पाहत उभा होता. कोंडिबा सरळ त्याच्यापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. "सायेब, जितलात ते बरं झालं. आता पैक्याचं काय बी ऱ्हायलं न्हाई. गुंजवण्याला चला. आक्काला येवडं सांगा, की बत्तीत दोष व्हता."

तो माणूस वाईट नव्हता, हे मला मान्य करायला हवं. त्याचा चेहरा उतरला. तो कोंडिबाशी न बोलता माझ्याशी बोलला. "वकीलसाहेब, मला मुलीचं वाईट वाटतं. पण हे मी तिच्या घरी जाऊन बोललो, तर उद्या अपिलात तुम्ही तेच वाक्य माझ्या तोंडावर माराल."

त्याचं चूक नव्हतं. कारण मी नक्की मारलं असतं.

काय चीड आली म्हणून सांगू! म्हणजे दावा लावेपर्यंत कंपनी याला ओळखत नव्हती म्हणून बोलली नाही, आणि दावा लावल्यावर दाव्याच्या भीतीनं बोलली नाही. माणसाला माणसासारखं बोलता येऊ नये अशी सोय आम्ही वकिलांनी करून ठेवली आहे आणि तिला आम्ही न्याय म्हणतो. घरी जाऊन मी पागोटं कोपऱ्यात भिरकावलं आणि कोंडिबाचं नावही काढायचं नाही असं ठरवलं.

पण तो मला सोडतोय कुठला? पुढच्या वर्षी आषाढ लागला आणि स्वारी पुन्हा ओटीवर हजर. हातात कोरी करकरीत 'सूर्यतेज' बत्ती. मला वाटलं, आता हीही फुटली की काय.

"वसंतशेटकडनं मागून आणलीया, आजच्या दिसापुरती," तो म्हणाला. "हिच्यावर काय लिवलंय त्ये वाचा."

टाकीवर पत्र्याची एक बारीकशी पाटी डाक देऊन बसवली होती. गेल्या साली ती नव्हती. मी वाचलं : 'हवा बेताने भरावी. टाकीच्या बुडाचा सांधा वरचेवर तपासून घ्यावा. बायका-मुलांस बत्तीपासून दूर ठेवावे. अपघात झाल्यास कंपनी जबाबदार नाही.'

मी ती बत्ती फेकूनच देणार होतो. आमच्या सगळ्या खटाटोपाचं फळ काय, तर ही पाटी! सांधा नीट करायचा सोडून यांनी हात झटकायची सोय पितळेवर ठोकली. आणि ज्यांच्यासाठी ठोकली त्यांतल्या दहांतल्या नवांना अक्षर ओळखता येत नव्हतं.

"त्येंनी कबूल क्येलं!" कोंडिबा म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता.

"काय कबूल केलं? अरे शहाण्या, बरोबर उलटं लिहिलंय. आमच्यावर काही नाही, असं लिहिलंय!"

"आमच्यावर न्हाई आसं कोन म्हनतं, सायेब? ज्येच्यावर कुनीतरी घातलंय त्योच. आन् बुडाचा सांधा म्हनत्यात. सगळी बत्ती सोडून बुडाचाच सांधा कसा काय आटवला?"

मी त्याला अर्धा तास समजावलं की सूचना देणं म्हणजे चूक मान्य करणं नव्हे. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला गुंजवण्याला. माजं वाचलेलं आक्का खरं धरनार न्हाई, आन् मला वाचायला बी येत न्हाई. तुमी वाचा."

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. मग मी बैलगाडीत बसलो. आषाढातली खोऱ्यातली वाट, गाडीचे हिसके आणि शेजारी मांडीवर बत्ती घेऊन बसलेला हा, असा तो प्रवास झाला. पाठीचा पार चुरा झाला. राजगडावर ढग उतरले होते, गड काही दिसला नाही, आणि मला त्या वेळी गड बघण्यात रसही नव्हता.

गुंजवण्यात घरं ओस होती. सगळी माणसं लावणीला गेलेली. धोंडाबाई खाचरात गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं, दोन सुनांबरोबर वाकून रोपं लावत होती. बना बांधावर बसली होती. रोपांच्या पेंड्या डाव्या हातानं उचलून ती आईकडे फेकत होती. उजवा हात पदराखाली होता. आम्हाला पाहून ती उठून उभी राहिली.

धोंडाबाईनं भावाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोन तुमी?"

"मी भोरचा वकील. तुमच्या भावानं आणलंय. एवढं वाचून दाखवतो आणि जातो."

बांधावर उभा राहून, पायांत चिखल, डोक्यावर गळकी छत्री, अशा थाटात मी कंपनीची पाटी मोठ्यानं वाचली. न्यायाधीशापुढेही इतकं सावकाश कधी वाचलं नव्हतं.

"मधलं पुन्यांदा वाचा," धोंडाबाई म्हणाली. "सांद्याचं."

"टाकीच्या बुडाचा सांधा वरचेवर तपासून घ्यावा."

"आन् बायका-पोरांचं?"

"बायका-मुलांस बत्तीपासून दूर ठेवावे."

"आमच्या लगनात जी बत्ती व्हती तिच्यावर ही पाटी व्हती?"

"नव्हती."

"मग आता का लावली?"

मी तोंड उघडलं. करार, दोष, सूचना, पुरावा, सगळं जिभेवर आलं होतं. कोंडिबाला जे अर्धा तास सांगितलं तेच सांगणार होतो, की याचा अर्थ तसा होत नाही. पण त्या बाईच्या प्रश्नाला त्यातलं एकही उत्तर लागू पडेना. खरं उत्तर मला आणि कंपनीला दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "तुमच्या बनाचा हात भाजला म्हणून लावली."

धोंडाबाईनं हातातली रोपं खाली ठेवली. चिखलाचे हात तसेच धरून उभी राहिली. तिनं लेकीकडे पाहिलं आणि मग, वर्षभरानं, भावाकडे. कोंडिबा बत्ती पोटाशी धरून खाली मान घालून उभा होता. 

"कोंडिबा," ती म्हणाली, "बनीची लावनीची पात गेल्या सालापासनं मोकळी हाय. लावनार कोन? उतर खाली."

त्यानं बत्ती माझ्या हातात कोंबली, धोतर वर खोचलं आणि खाचरात उतरला. बनानं डाव्या हातानं पेंडी उचलली आणि ती फेकली नाही, वाकून त्याच्या हातात दिली. "धर, मामा," ती म्हणाली. कोंडिबा लावायला लागला, आणि लावता लावता रडायला लागला. धोंडाबाई त्याच्यावर खेकसली, की रोपं सरळ लाव, वाकडी जातायत.